आधी मुसळ, मग कुसळ: चुकणाऱ्या माणसांवर प्रीती करताना पाळायचा क्रम

समोरचा माणूस अवघड आहे आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. अशा वेळी प्रीती करायची म्हणजे नेमके काय करायचे, इथे भले भले विश्वासणारे अडतात. काही जण स्वतःकडे न पाहता समोरच्याला सुधारायला निघतात. बाकीचे म्हणतात, "मीच असा, मी कुणाला काय सांगणार?" ते गप्प राहतात आणि आत राग साचत जातो.

बायबलमधल्या मत्तय ७:३-५ मध्ये प्रभू येशूने या दोन्ही वाटा बंद केल्या आहेत. पहिल्याने आपल्या डोळ्यातले मुसळ काढायचे, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला स्पष्ट दिसते. कुसळ राहू दे, असे प्रभू कुठेही म्हणत नाही. डोळ्यात गेलेले कुसळ खुपते, पाणी येते, माणसाला सुचेनासे होते. ते निघायलाच हवे. फक्त काढणाऱ्याची नजर साफ आणि हात हलका हवा. खालचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. बहुतेकांचे काम बिघडते ते दुसरा किंवा सहावा टप्पा गाळल्यामुळे.

## सुरू करण्याआधी: ही पद्धत कुठे लावायची नाही

मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांच्या जिवाला किंवा मनाला धोका, धमक्या, पैशांची फसवणूक यांपैकी काहीही चालू असेल तर इथेच थांबा. आधी सुरक्षित जागी जा, भरवशाच्या माणसाला सांगा, पोलिसांकडे जा. "एकांतात जाऊन त्याला सांग" हे मत्तय १८:१५ चे वचन गुन्हा झाकण्यासाठी दिलेले नाही. अन्याय करणाऱ्याला आवरण्यासाठी अधिकारी नेमले आहेत, हे रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. "प्रीती कर, सहन कर" असे सांगून कुणी तुम्हाला मार खायला परत पाठवत असेल, तर त्याचे ऐकू नका. तो पाळक असला तरीही.

तीन शब्दांची गल्लत होते, तीही इथेच सोडवू. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघे लागतात. विश्वास पुन्हा बसायला वेळ लागतो, आणि तो मागून मिळत नाही. रोमकरांस १२:१८ मध्ये प्रेषित पौलाने "शक्य असल्यास" आणि "तुमच्याकडून होईल तितके" असे दोन बांध घातले आहेत. तुमच्या वाट्याचे काम तेवढेच.

## तयारी

लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: एक कोरे पान, पेन, रोजची वीस मिनिटे आणि साधारण दहा दिवस. एकच माणूस निवडा, आणि त्याच्याबाबत एकच घटना. "मला सगळ्यांवर प्रीती करायची आहे" म्हणून सुरुवात केली की कुणावरच होत नाही.

पुढे सोयीसाठी एकच उदाहरण घेऊ. समजा, मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका ताईंना तुम्ही विश्वासाने घरातली अडचण सांगितली, आणि आठवड्याभरात ती "प्रार्थनेचा विषय" म्हणून चार जणांकडे पोहोचली.

## टप्पा १: घडलेले आणि लावलेला अर्थ वेगळे करा

पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त घडलेले लिहा, डोळ्यांनी पाहिलेले किंवा कानांनी ऐकलेले: "त्यांनी रविवारी उपासनेनंतर दोघींना माझ्या घरची गोष्ट सांगितली." उजवीकडे तुम्ही लावलेला अर्थ: "त्यांना मला खाली पाहायला लावायचे होते." हा दुसरा भाग तुम्हाला ठाऊक नाही. माणसाच्या मनातले त्याच्या स्वतःच्या आत्म्याशिवाय कोण जाणतो, असा प्रश्न करिंथकरांस पहिल्या पत्रात (२:११) आहेच.

तपासा: डाव्या बाजूच्या वाक्यात "मुद्दाम", "जाणूनबुजून", "नेहमीप्रमाणे" असे शब्द आले आहेत का? आले असतील तर ते उजवीकडे न्या.

## टप्पा २: स्वतःचे मुसळ काढा

पान उलटा आणि मागच्या बाजूला चार प्रश्नांची उत्तरे लिहा.

1. या घटनेत माझा वाटा कोणता? लहान असला तरी लिहा.
2. हाच दोष माझ्यात आहे का? मी कुणाचे गुपित "प्रार्थनेसाठी" म्हणून पुढे दिले आहे का? रोमकरांस २:१ नेमके इथे बोट ठेवते: ज्यावरून दुसऱ्याला दोष देतो, तेच आपण करत असतो.
3. घटनेनंतर मी काय केले? किती जणांकडे तक्रार केली?
4. मला खरेच नाते नीट करायचे आहे, की मी बरोबर होतो हे सिद्ध करायचे आहे?

चौथ्या प्रश्नाला वेळ द्या. त्याचे खरे उत्तर पहिल्या दिवशी सहसा येत नाही.

जे सापडेल ते देवापुढे नाव घेऊन कबूल करा. "प्रभू, माझे काही चुकले असेल तर क्षमा कर" ही कबुली नव्हे, कारण तिच्यात चूक कुठेच नाही. "मी त्यांच्याबद्दल दोघांकडे वाईट बोललो" ही कबुली. त्यात कुणी तिसरा दुखावला असेल, तर आधी त्याच्याकडे जा. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. ऐकणाऱ्यांत गालीलातले लोक होते आणि वेदी यरुशलेमात होती. अर्पण तिथेच ठेवून गावी परत जायचे, समेट करायचा आणि पुन्हा यायचे, म्हणजे काही दिवसांची पायपीट. प्रभूला ती पायपीट अर्पणाइतकीच मोलाची वाटली.

सावधान: स्वतःला कोसत बसणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. देवाला मान्य असलेले दुःख आणि जगाचे दुःख असा फरक पौल करतो (२ करिंथ ७:१०). पहिले माणसाला उठवून कामाला लावते, दुसरे त्याला कोपऱ्यात बसवून ठेवते. दोन बैठकींनंतरही तुम्ही त्याच चुकीभोवती फिरत असाल, तर एका प्रौढ विश्वासणाऱ्याजवळ ती बोलून मोकळे व्हा (याकोब ५:१६) आणि पुढच्या टप्प्याकडे जा.

आणि या घटनेत तुमचा वाटा खरोखरच नसेल, तर पहिल्या प्रश्नापुढची जागा कोरी सोडा. नम्र दिसण्यासाठी खोटी चूक लिहू नका.

## टप्पा ३: कर्ज मोजा, मग सोडा

मत्तय १८:२३-३५ मधल्या दाखल्यात राजा एका चाकराचे कर्ज सोडतो, पण तोच चाकर आपल्या सोबतीच्या चाकराला थोड्या पैशांसाठी तुरुंगात टाकतो. त्यातले आकडे एकदा कागदावर मांडून पाहा. मूळ मजकुरात पहिल्या चाकराचे कर्ज १०,००० तलांत आहे. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरले तर २ लाख वर्षे. दुसऱ्या चाकराकडे येणे होते १०० दिनार. प्रमाण ६ लाखांस १.

हा दाखला सांगताना एक गोष्ट बहुधा निसटते. १०० दिनार म्हणजे शून्य नव्हे. ती तीन-चार महिन्यांची कमाई आहे. गरिबाच्या घरात तेवढ्याने चूल बंद पडू शकते. तुमचे दुखणे प्रभूने क्षुल्लक ठरवलेले नाही. त्याने ते मोठ्या हिशेबाशेजारी ठेवले आहे.

आता त्या ताईंकडे तुमचे काय येणे आहे ते लिहा: माफी, गेलेली पत, दोन रात्रींची झोप. मग प्रार्थनेत ते सोडून दिल्याचे मोठ्याने बोला आणि ओळीवर रेघ मारा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात प्रीती अपकार स्मरत नाही असे वाचतो, तिथला मूळ शब्द जमाखर्चाच्या वहीतला आहे. प्रीती ती नोंद ठेवत नाही.

कर्ज सोडले की वसुलीही थांबवावी लागते. प्रत्येकाची वसुलीची रीत वेगळी: कुणी टोमणे मारतो, कुणी अबोला धरतो, कुणी समोरून येताना मोबाईलमध्ये डोके घालतो, कुणी फक्त तिसऱ्याकडे सुस्कारा टाकतो. तुमची रीत कोणती, ती ओळखून लिहा. पुढच्या दहा दिवसांत तीच पुन्हा डोके वर काढणार आहे.

## टप्पा ४: सात दिवस नाव घेऊन प्रार्थना

रोज तीन वाक्ये पुरतात. त्या माणसातल्या एका खऱ्या चांगल्या गोष्टीबद्दल उपकारस्तुती. त्याच्या एका खऱ्या गरजेसाठी विनंती. आणि स्वतःसाठी जे मागाल तोच आशीर्वाद त्याच्यासाठी.

"प्रभू, त्यांना सुबुद्धी दे" ही प्रार्थना या आठवड्यात नको. ती देवाकडे केलेली तक्रार असते. करिंथच्या मंडळीत गटबाजी होती, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा गरिबांचा अपमान होत होता. पौलाला हे सगळे खडसावून सांगायचे होते, तरी पत्र सुरू होते ते त्यांच्याबद्दलच्या उपकारस्तुतीने (१ करिंथ १:४).

तपासा: सातव्या दिवशी त्यांचे नाव उच्चारताना दात आवळले जातात का? जात असतील तर आणखी तीन दिवस थांबा. मन पूर्ण शांत होईपर्यंत थांबायची गरज नाही. बोलताना ताबा राहील एवढे पुरे.

## टप्पा ५: झाकायचे की बोलायचे, ते ठरवा

प्रत्येक गोष्ट बोलायची नसते. प्रीती पापांची रास झाकते (१ पेत्र ४:८), आणि अपराधाकडे कानाडोळा करण्यात माणसाची शोभा आहे (नीतिसूत्रे १९:११). पण "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" या आज्ञेच्या (लेवीय १९:१८) अगदी आधीच्या वचनात, मनात द्वेष न ठेवता शेजाऱ्याची कानउघाडणी करायलाही सांगितले आहे. दोन्ही प्रीतीच आहेत. कुठली लागू, ते असे ठरवा:

- आठवडाभर प्रार्थना करूनही गोष्ट दोघांच्या मध्ये उभी आहे का?
- हे पुन्हा पुन्हा घडते आहे का?
- यात तिसऱ्या कुणाचे, किंवा त्या माणसाचे स्वतःचे नुकसान होते आहे का?

तिन्हींची उत्तरे "नाही" असतील तर झाका, आणि झाकले म्हणजे संपले. पुढच्या भांडणात काढायला राखून ठेवलेली गोष्ट झाकलेली नसते. आपल्या उदाहरणात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "हो" आहे. उद्या आणखी कुणी विश्वासाने त्या ताईंना काही सांगेल. म्हणून बोलायला हवे.

## टप्पा ६: शब्दांआधी न्याहारी

योहान २१ वाचा आणि प्रभूने काय कशाच्या आधी केले ते पाहा. प्रभूला अटक झाली त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने त्याला तीनदा नाकारले होते. त्या रात्री तो महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता (योहान १८:१८). समुद्रकिनारी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे. त्यासाठीचा ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. वर मासे ठेवलेले, शेजारी भाकर. रात्रभर जाळे ओढून थकलेल्या, ओल्या अंगाच्या माणसांना प्रभू म्हणतो, "या, न्याहारी करा." पेत्राशी बोलणे होते ते न्याहारी झाल्यावर. तेव्हाही "का नाकारलेस?" असे तो विचारत नाही, "माझ्यावर प्रीती करतोस का?" असे तीनदा विचारतो, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरांचे काम सोपवतो. विस्तव समोर होता, तेव्हा त्या रात्रीची आठवण पेत्राला झाली नसेल असे होणे नाही. पण ती आठवण आली तेव्हा त्याचे पोट भरलेले होते आणि अंग ऊबेत होते.

तुमची न्याहारी छोटी असू द्या. सभेत त्यांच्यासाठी जागा धरा, आजारपणात चौकशी करा, त्यांनी केलेल्या एका कामाचे मनापासून कौतुक करा. तीन गोष्टी पाळा: ती त्यांच्या खऱ्या गरजेशी जुळणारी हवी, तिचा गाजावाजा नको, आणि पुढच्या बोलण्यात तिचा उल्लेख नको.

सावधान: मोठी भेट देऊ नका. समोरचा उपकाराखाली दबतो, आणि मग तो खरे न बोलता फक्त "हो हो" म्हणतो.

## टप्पा ७: एकांतात बोला

दोघांना मोकळा अर्धा तास असेल अशी वेळ आधी विचारून घ्या. उपासना संपल्यावर दारात नको, चार लोक ऐकत असतात. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको: तिथे आवाजातला मऊपणा पोहोचत नाही, आणि लिहिलेले पुढे पाठवले जाते.

गलतीकरांस ६:१ मध्ये चुकलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणायला सांगितले आहे. तिथला ग्रीक शब्द मत्तय ४:२१ मध्ये याकोब आणि योहान जाळी नीट करत होते तिथे वापरला आहे. फाटलेले जाळे ओढून नीट होत नाही. ते मांडीवर पसरावे लागते, भोक कुठवर गेले ते बोटांनी चाचपावे लागते, मग एकेक गाठ घालायची. बोलणेही तसेच, या क्रमाने:

1. आपला वाटा. "ताई, आधी माझी चूक सांगतो. हे कळल्यावर तुमच्याशी बोलण्याऐवजी मी दोघांकडे तुमची तक्रार केली. ते चुकले. मला क्षमा करा."
2. घडलेली गोष्ट, पानाच्या डाव्या बाजूची. "मी सांगितलेली घरची गोष्ट रविवारी दोघींना कळली, असे मी ऐकले."
3. त्याचा परिणाम. "त्यामुळे घरात वाद झाला आणि मला खूप वाईट वाटले."
4. प्रश्न. "नेमके काय झाले होते?"
5. गप्प बसणे. हे सगळ्यात अवघड. दहा सेकंदांची शांतता खूप मोठी वाटते. ती भरू नका.

पहिल्या वाक्यानंतर "पण" आला की माफी वाया गेली. "मी तक्रार केली, पण तुम्हीही..." ही माफी राहत नाही, तो हल्ल्याआधीचा नमस्कार होतो. "नेहमी", "कधीच", "सगळे म्हणतात" हेही टाळा. वचनाचा उपयोग काठीसारखा करू नका. वचने आतापर्यंत तुमच्यासाठी वाचलीत. या अर्ध्या तासात त्यांना ऐकवायची नाहीत.

मग ऐका. कदाचित कळेल की एकीने थेट विचारले आणि त्या गोंधळून बोलून गेल्या. तसे असेल तर उजव्या बाजूचा अर्थ तिथेच खोडा.

## टप्पा ८: उत्तरानंतर

त्यांनी क्षमा मागितली तर: "अहो, जाऊ द्या, काही नाही" म्हणू नका. काहीच नव्हते तर क्षमा कशाची? "मी तुम्हाला क्षमा केली आहे" असे स्पष्ट म्हणा. क्षमा मागणाऱ्याला ते कानांनी ऐकायचे असते.

नाकारले किंवा चिडल्या तर: त्या दिवशी दुसऱ्यांदा जोर लावू नका. त्यांना विचार करायला काही दिवस द्या. गोष्ट खरेच गंभीर असेल तर मत्तय १८:१६ प्रमाणे एक-दोघांना बरोबर घ्या. ती माणसे दोघांनाही मान्य हवीत. फक्त तुमच्या बाजूचे दोघे नेलेत तर तो घेराव होतो. त्यानंतरच मंडळीच्या वडिलांकडे.

विश्वासाचे काय: क्षमा आजच द्या, गुपिते लगेच नकोत. पुढच्या वेळी एखादी साधी गोष्ट सांगून पाहा. ती जपली गेली तर त्याहून थोडी मोठी. हा संशय नाही. त्यांना खरे उतरण्याची संधी अशीच मिळते.

ओझ्यांचेही इथेच ठरवा. गलतीकरांस ६:२ म्हणते एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच वचनांनंतर ६:५ म्हणते प्रत्येकाने आपला भार वाहावा. ग्रीकमध्ये हे दोन निराळे शब्द आहेत: पहिला माणसाला चिरडणाऱ्या वजनासाठी, दुसरा ज्याने त्याने न्यायच्या बोज्यासाठी. ताईंना लाज वाटत असेल तर त्यांच्याबरोबर उभे राहा. पण ज्या दोघींना त्यांनी सांगितले, त्यांच्याकडे जाऊन चूक सुधारणे हे त्यांचे काम आहे. ते तुम्ही परस्पर उरकू नका.

## टप्पा ९: मध्येच आपण घसरलो तर

घसराल. बोलताना आवाज चढेल, किंवा सातव्या दिवशीच कुणाकडे तरी तक्रार तोंडातून जाईल. इथे बरेच जण सगळे सोडून देतात: "माझ्याच्याने प्रीती होत नाही."

प्रीती चिडत नाही, असे लिहिणाऱ्या पौलाकडे पाहा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३:४-७ मध्ये त्याने प्रीतीची १५ क्रियापदे दिली आहेत, त्यांतले "चिडत नाही" हे एक. प्रेषितांची कृत्ये १५:३९ मध्ये योहान मार्क या सोबत्यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात कडाक्याचा वाद होऊन ते वेगळे झाले. त्या वादासाठी वापरलेला ग्रीक शब्द याच धातूचा आहे. वाद आधीचा, पत्र काही वर्षांनंतरचे. आणि शेवटच्या दिवसांत, कैदेतून, पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). चिडका माणूस प्रीतीच्या कामातून बाद झाला नाही.

म्हणून घसरल्यावर पहिल्या टप्प्यापासून सुरू करायची गरज नाही. त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत (इफिस ४:२६), ज्याच्याशी चुकलात त्याला एका वाक्यात सांगा: "मघाशी मी ओरडलो, ते चुकले, क्षमा करा." कारणे देऊ नका. मग जिथे थांबलात तिथून पुढे चला.

राग पुन्हा येईल, विशेषतः तीच माणसे, तीच जागा दिसली की. याचा अर्थ क्षमा खोटी होती असा नाही. एकाच दिवसात सातदा चुकून सातदा परत येणाऱ्यालाही क्षमा करायला सांगितले आहे (लूक १७:४), आणि बरेचदा ती सात वेळची क्षमा एकाच जुन्या घटनेची असते. आठवण आली की तिसऱ्या टप्प्यातले वाक्य पुन्हा बोला. "हे मी सोडले आहे" एवढेच पुरते.

राहिले ते पान. बोलणे झाल्यावर, निकाल काहीही लागो, ते फाडून टाका. त्याचा फोटो काढून ठेवला असेल तर तोही पुसा.